वॉट नंतर बघा, आधी माइक मोजा

प्रश्न : आमचं आठ जणांचं अभंग-भावगीतांचं मंडळ आहे. खानापूर तालुक्यातली गावं, बेळगावातली गल्लीतली गणेश मंडळं, कधी चंदगडकडचे सप्ताह असे कार्यक्रम होतात. कानडी श्रोते असले की दासरपदंही म्हणतो. दोन मुख्य गायक, कोरसला दोघं, हार्मोनियम, तबला-पखवाज, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असा संच आहे. समोर दीडशे ते तीनशे माणसं असतात. दर वेळी साउंड भाड्याने घेतो, त्यात निम्मं मानधन जातं. १२ इंची दोन टॉप (स्पीकरचे बॉक्स) आमचे आहेत, ८ ओहम, २०० वॉटचे. मिक्सर आणि बाकी सामान मिळून बजेट ४५ हजार. बेळगावचे एक दुकानदार १००० वॉटचा सहा चॅनेलचा पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेला) मिक्सर घ्या म्हणतात, कोल्हापूरचे २५० + २५० वॉटचा बारा चॅनेलचा सुचवतात. कोणता घ्यावा? देवळात माइक फार शिट्टी मारतो, ते मोठ्या मशीनने थांबेल का?
– मंडळाचे कार्यकर्ते, खानापूर तालुका

उत्तर : दोनपैकी कोल्हापूरचा घ्या, पण दोन गोष्टी डोळ्यांनी बघून. एक, त्यावर माइकची कॅनन (तीन भोकांची गोल) सॉकेट किमान आठ हवीत. दोन, आतल्या दोन ॲम्प्लिफायरपैकी एक मेनला (श्रोत्यांकडच्या टॉपना) आणि दुसरा मॉनिटरला (गायकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरला) देता यायला हवा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर तो मिक्सर तुमच्या कामाचा नाही, मग वॉट कितीही असोत. शिट्टी मोठ्या मशीनने थांबणार नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण तुमची खरी अडचण तीच आहे असं पत्रावरून दिसतं.

आधी मोजणी करू. मुख्य गायकांचे दोन माइक. कोरसच्या दोघांना मिळून एक, दोघांनी त्याच्यापासून सारख्या अंतरावर बसायचं. हार्मोनियमला एक. तबल्याला किंवा पखवाजाला दोन. वादक एकच असेल तर तेच दोन माइक इकडून तिकडे फिरवता येतात. निवेदकाला, नाहीतर ऐन वेळी सत्काराला उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांना एक. झाले सात. टाळ-चिपळ्यांना माइक देऊ नका, त्या कोरसच्या माइकमधूनही गरजेपेक्षा जास्तच येतात. म्हणजे आठ कॅननमध्ये तुमचं भागतं आणि एक हाताशी राहतो. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड लाइनमध्ये जातील, मोबाइलवरचा तानपुरा आरसीए या छोट्या गोल सॉकेटमध्ये.

खोक्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. ‘१२ चॅनेल’ म्हणताना एकेक स्टिरिओ जोडी दोन चॅनेल म्हणून मोजलेली असते. बारा लिहिलेल्या मिक्सरवर कॅनन आठही असतात आणि चारही. दुकानदाराकडून पॅनेलचा सरळ समोरून काढलेला फोटो मागवा आणि तीन भोकांची गोल सॉकेट बोटाने मोजा. सहा चॅनेलच्या मशीनमध्ये तुमचा पखवाज तरी बसत नाही, नाहीतर निवेदक तरी.

आता वॉट. ‘१००० वॉट’ पीक (क्षणभरचे) आहेत, पीएमपीओ (जाहिरातीपुरते फुगवलेले) आहेत, की आरएमएस म्हणजे सलग मिळणारे, हे मागच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात असतं. ते किती ओहमला आहेत हेही तिथेच असतं. चार ओहमला २५० वॉट देणारा ॲम्प्लिफायर आठ ओहमच्या एका बॉक्सला साधारण १५० देतो. आणि वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. २५० चे ५०० करण्यासाठी मोजलेले पैसे श्रोत्यांना जेमतेम जाणवतात.

त्यापेक्षा तुमच्या टॉपच्या मागची पट्टी वाचा. तिथे ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून एक आकडा असतो : १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. ९६ असेल तर १२५ वॉटमध्ये एक टॉप मीटरभर अंतरावर ११७ पर्यंत जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे १६ मीटरवर ९३ उरतात, आणि दोन टॉप मिळून त्याच्याही वर. तीनशे माणसांच्या अभंगाला हे भरपूर आहे. तोच आकडा ९० असेल तर तेवढ्याच आवाजाला चौपट वॉट लागतील. तसे टॉप निघाले तर पुढचे पैसे साठवून टॉप बदला, मिक्सर नाही.

दोन ॲम्प्लिफायरांची वाटणी हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बऱ्याच पॉवर्ड मिक्सरवर एक स्विच असतो : एका बाजूला ‘लेफ्ट-राइट’, दुसऱ्या बाजूला ‘मेन-मॉनिटर’. तुम्ही कायम मेन-मॉनिटरवर ठेवा. सभामंडपात डाव्या कोपऱ्यात बसलेल्या आजींना उजवा टॉप ऐकूच येत नसतो, त्यामुळे स्टिरिओचा तुम्हाला उपयोग नाही. यात ताकद जाते अशी भीती वाटेल, तर हिशेब बघा. लेफ्ट-राइटमध्ये एकेका टॉपला १५० वॉट मिळतात. मेन-मॉनिटरमध्ये दोन्ही टॉप एकाच ॲम्प्लिफायरवर, आठ आणि आठ समांतर म्हणजे चार ओहम, मिळून २५०, एकेकाला १२५. फरक ०.८ डेसिबलचा, कोणालाही कळणार नाही. बदल्यात दुसरा अख्खा ॲम्प्लिफायर मॉनिटरसाठी मोकळा होतो. एकाच ॲम्प्लिफायरवर दोन टॉप घेण्यासाठी पहिल्या टॉपच्या मागच्या दुसऱ्या सॉकेटमधून दुसऱ्या टॉपला वायर न्यायची. ती दोन सॉकेट आत जोडलेलीच असतात.

ओहमचा हिशेब मात्र कधी सोडू नका. मिक्सरवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर एका ॲम्प्लिफायरवर आठ ओहमचे दोनच बॉक्स. मंडळवाले आणखी दोन आणून देतात, ‘हेही जोडा की’ म्हणतात. चार झाले की भार २ ओहमवर येतो, मशीन तापतं, प्रोटेक्शनचा दिवा लागतो आणि भैरवीच्या वेळी आवाज जातो. प्रोटेक्शन कच्चं असेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टरच उडतात.

दुसरा धोका गावच्या कर्ण्यांचा. देवळाच्या शिखराजवळ लावलेले कर्णे बहुधा अहुजाच्या किंवा तसल्याच मशीनच्या १०० व्होल्ट लाइनवर चालतात. त्यांची वायर तुमच्या मिक्सरला जोडायची नाही, आणि देवळाच्या मशीनची १०० व्होल्टची तार तुमच्या टॉपला तर मुळीच नाही. बाहेरच्या लोकांना ऐकवायचंच असेल तर तुमच्या मिक्सरच्या लाइन-आउटमधून देवळाच्या मशीनच्या ऑक्समध्ये (बाहेरचा आवाज घेणाऱ्या सॉकेटमध्ये) केबल द्या. कर्णे त्यांच्या मशीनवर, टॉप तुमच्या.

वायरींवर फार कमी लोक पैसे घालतात आणि तिथेच फसतात. गिटार-कीबोर्डची पी-३८ (पाव इंची) पिनची कॉर्ड आणि स्पीकरची पी-३८ पिनची कॉर्ड बाहेरून सारख्या दिसतात. पहिलीच्या आत बारीक तार आणि वर जाळी असते. ती स्पीकरला लावली तर गरम होते आणि आवाज खाते. स्पीकरला दोन जाड तांब्याच्या तारांचीच वायर लागते, शक्यतो स्पीकॉन पिनची, कारण ती फिरवून लॉक होते आणि पायात अडकली तरी निसटत नाही. १५ मीटर अंतराला २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर जाऊन-येऊन ०.२ ओहमचा अडथळा होतो, चार ओहमच्या भाराला ५ टक्के ताकद वायरीत जाते. पंख्याला वापरतात ती ०.७५ ची घेतली तर हाच अडथळा ०.७ ओहम, आणि १५ टक्के वायरीत. मोठ्या मशीनला दिलेले पैसे असे वायर तापवण्यात जातात.

कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या पी-३८ कॉर्ड पाच-सहा मीटरच्या आत ठेवा. ऑक्टोपॅडवाला लांब बसत असेल तर त्याच्यापाशी डीआय बॉक्स (वाद्याची लाइन कॅननवर आणणारी छोटी डबी) ठेवून तिथून कॅनन केबल आणा. ‘गुंई’ असा घरघराट बराचसा तिथेच मरतो. एक काळजी घ्या : फँटम म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधून वीज देणारा ४८ व्होल्टचा स्विच बहुतेक स्वस्त मिक्सरवर सगळ्या कॅननना एकदम लागतो. साध्या डायनॅमिक माइकला त्याने काही होत नाही. पण एका टोकाला पी-३८ आणि दुसऱ्या टोकाला कॅनन लावलेली घरगुती कॉर्ड कीबोर्डला जोडलेली असेल तर ते व्होल्ट कीबोर्डच्या आउटपुटवर जातात. तुमच्याकडे कंडेन्सर माइक नसेल तर फँटम बंदच ठेवा.

आता शिट्टी. माइकमधला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, तोच परत माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. मोठ्या मशीनने आवाज वाढवला की हे चक्र आणखी लवकर सुरू होतं. उपाय जागेत आहे. दोन्ही टॉप गायकांच्या पुढच्या रेषेत, निदान दीड-दोन मीटर पुढे, आणि श्रोत्यांच्या डोक्यांवरून जातील इतक्या उंचीवर स्टँडवर हवेत. देवळात जागा नाही म्हणून टॉप गायकांच्या मागे, गाभाऱ्याच्या भिंतीला टेकून ठेवतात. तसं ठेवल्यावर जगातला कोणताही मिक्सर शिट्टी रोखू शकत नाही.

मॉनिटर गायकाच्या समोर जमिनीवर, त्याच्या चेहऱ्याकडे तोंड करून. शुअर एसएम५८ सारखा कार्डिऑइड (समोरून जास्त ऐकणारा) माइक शेपटीच्या बाजूने सर्वांत बहिरा असतो, म्हणून मॉनिटर बरोबर शेपटीच्या रेषेत यावा. सुपरकार्डिऑइड माइक असेल तर त्याची बहिरी जागा शेपटीपासून थोडी बाजूला, समोरून साधारण १२५ अंशांवर असते. तिथे मॉनिटर जरा तिरपा ठेवावा. माइकची जाळी मुठीत धरणाऱ्या गायकाला ती सवय सोडायला सांगा. जाळी झाकली की माइक चारही बाजूंनी ऐकू लागतो. आणि तोंडापासूनचं अंतर : ४ सेंटिमीटरवरून १६ वर गेलात तर १२ डेसिबल कमी होतात, ते भरून काढायला गेन वाढवला की शिट्टी आलीच.

उघडे माइक मोजा. चारचे आठ झाले की शिट्टीआधी मिळणारी मोकळीक ३ डेसिबलने घटते. निवेदकाचा माइक गाणं सुरू होताच खाली, तबला वाजत असताना पखवाजाचे माइक वर ठेवायचे नाहीत.

साउंड चेकला असं करा. सगळे इफेक्ट बंद, ग्राफिक इक्वलायझरच्या पट्ट्या मधोमध. गायकाला सर्वांत वरच्या पट्टीत गायला लावून त्याच्या चॅनेलचा गेन लाल दिवा किंचित लुकलुकेपर्यंत चढवा आणि थोडा मागे घ्या. मग मॉनिटर हळूहळू वाढवा. आवाज नुसता रेंगाळायला लागला की थांबा आणि ऐका. ‘ऊऽऽ’ असा घुमत असेल तर २५० किंवा ५०० ची पट्टी, ‘ईऽऽ’ असा टोचत असेल तर २ किंवा ४ हजारची. ती पट्टी ३-४ डेसिबल खाली घ्या. अशा दोन, फार तर तीन पट्ट्या. पाच-सहा पट्ट्या खाली ओढाव्या लागल्या तर अडचण जागेची आहे, टॉप हलवा. मेन आणि मॉनिटर यांना वेगवेगळे ग्राफिक असलेला मिक्सर मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, कारण मॉनिटरवरची शिट्टी काढताना श्रोत्यांचा आवाज बिघडत नाही.

गायकांच्या, कोरसच्या आणि हार्मोनियमच्या चॅनेलवर लो-कट (खालचा घुमारा कापणारं बटण) असेल तर दाबून ठेवा, डग्ग्याच्या आणि पखवाजाच्या धुमाच्या माइकवर नको. हार्मोनियमचा माइक वीसेक सेंटिमीटरवरून सुरांच्या बाजूने, भात्यावर रोखलेला नको, नाहीतर हवेची फूत्कार ऐकू येते. दगडी देवळात रिव्हर्ब लावूच नका. देऊळ स्वतःच घुमतं, त्यात मशीनचा घुमारा मिसळला की ‘विठ्ठल’ एवढाच शब्द कळतो, पुढची ओवी कळत नाही. उघड्या मांडवात लावा, पण इतकाच की बंद केल्यावरच तो होता हे जाणवावं.

विजेकडे वळतो. यात हयगय नको, कारण इथे जीव जातो. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) खांबावरून तात्पुरती ओढलेली लाइन असो की जनरेटर, शंभर-दोनशे रुपयांचा बोर्ड लावून थेट मशीन चालू करू नका. एक मल्टिमीटर घ्या आणि मांडवाच्या वायरमनला मोजायला लावा : फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. थ्री-फेज मांडवात न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्ट चढतात. ट्यूबलाइट एकदम जास्त उजळल्या की पहिलं काम मशीनचा प्लग काढणं. घरघर थांबावी म्हणून प्लगची अर्थची पिन कापतात किंवा दोन पिनांचा प्लग लावतात. हे कधीही करू नका. दुसऱ्या बोर्डावरच्या कीबोर्डमधून किंवा फाटलेल्या वायरीतून करंट उतरला तर तो माइकच्या जाळीवर येतो आणि पावसात भिजलेल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या गायकाच्या ओठाला लागतो. सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा, घरघर बहुतेक वेळा तेवढ्यानेच जाते. बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. खानापूर-जांबोटीकडे भाद्रपदात पावसाचा नेम नसतो. मिक्सर जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा, आणि चालू असताना प्लास्टिकने गुंडाळू नका, पंख्याची वाट बंद होते. वर ताडपत्री वेगळी ताणा.

दुकानात जाताना स्वतःचा एक टॉप, एक माइक आणि शक्य असेल तर हार्मोनियम घेऊन जा. काही न जोडता सगळे गेन निम्म्यावर आणि मास्टर नेहमीच्या जागी ठेवून ऐका. सूऽऽ असा आवाज दोन मीटरवर ऐकू आला तर ते मशीन शांत सभामंडपात त्रास देईल. प्रत्येक नॉब गोल फिरवा, खरखर यायला नको. प्रत्येक कॅननमध्ये माइक लावून बघा, नुसता पहिल्यात नको. फँटम चालू करून मीटरने पिन १ आणि २ मध्ये ४८ व्होल्ट, चारेक इकडे-तिकडे, मिळतात का ते पाहा. मग अर्धा तास जोरात वाजवा आणि मागच्या बाजूला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर नको. मेनमधून आणि मॉनिटरमधून वेगवेगळा आवाज खरंच येतो का, हे स्विच टाकून ऐका. लाइन-आउट आहे का, तेही बघून ठेवा.

दुरुस्तीचं आधीच विचारा. जड ट्रान्सफॉर्मरचं जुन्या पद्धतीचं मशीन उचलताना कंबर मोडते, पण त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर बेळगावातला चांगला कारागीर बदलू शकतो. क्लास-डीची हलकी मशीनं टेम्पोत टाकायला सोपी, मात्र बिघडली की बहुधा अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि तो कंपनीकडूनच येतो. कोल्हापूर तुमच्यापासून शंभर किलोमीटरच्या वर आहे. वॉरंटीत मशीन तिथेच न्यावं लागणार की बेळगावात कोणी घेणार, हे जीएसटी बिलावर लिहून घ्या. बेळगावच्याच दुकानात आठ कॅननचा, मेन-मॉनिटरवाला मिक्सर हजार-दोन हजार जास्त देऊन मिळत असेल तर तो घेणं आम्हाला जास्त बरं वाटतं.

४५ हजारांतले २८ ते ३० च्या वर मिक्सरवर घालू नका. आठेक हजार एका १२ इंची पॅसिव्ह मॉनिटरला. तो ८ ओहमचाच घ्या, म्हणजे पुढे दुसरा जोडता येईल. उरलेले स्पीकरच्या वायरी, तीन जादा कॅनन केबल, एक डीआय बॉक्स आणि आरसीसीबीचा बोर्ड यांना. बेसचे वेगळे बॉक्स आत्ता नकोत. पखवाजाचा धुम १२ इंचीतून पुरेसा येतो.

ध्वनिक्षेपकाची परवानगी आयोजकांनी काढली आहे का, हे सुपारी घेतानाच विचारा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत १२ वाजेपर्यंत सूट राज्य सरकार देऊ शकतं, पण तो दिवस त्यात आहे का ते आधी कळायला हवं.

शेवटची एक केबल सांगायची राहिली. पॉवर्ड मिक्सरची मोठी उणीव ही की सगळं एकाच पेटीत असतं. ॲम्प्लिफायर गेला की कार्यक्रम गेला. पण बहुतेक वेळा मिक्सरचा भाग शाबूत असतो. म्हणून लाइन-आउटमधून निघणारी, एका टोकाला पी-३८ आणि दुसऱ्या टोकाला आरसीए असलेली पाच मीटरची कॉर्ड पेटीतच ठेवा, शेजारी आरसीएला पी-३८ करणारी एक छोटी पिन. गावात कोणाकडे तरी मशीन असतंच. त्याच्या ऑक्समध्ये ती लावली की पाच मिनिटांत पुढचा अभंग सुरू होतो.